बॅग घेतो, घरी येतो

१८ मे, रविवार

आजपासून रोजनिशी. मोहीम गाजली की लोक विचारणार, फेतू साहेब, हे सुचलं कसं? तेव्हा डोकं खाजवत बसायला नको.

शुक्रवारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, कोळ्यांच्या सुरक्षा मोहिमेचा प्रमुख मी. साहजिकच आहे. आमच्या बेटाच्या राजधानीतल्या, आपियाच्या या सरकारी प्रसिद्धी खात्यात माझ्याइतका अनुभव कोणाला? डासांवर मोहीम केली, साखरेवर केली. डास आणि साखर दोन्ही अजून गावोगाव आहेत, पण पोस्टरांचं फार कौतुक झालं.

परदेशी मदतीतून नारिंगी बॅगा आल्यात. आत शिट्टी, आरसा, टॉर्च आणि एक पिवळं यंत्र. होडी भरकटली की यंत्राचं बटण दाबायचं, आपण कुठे आहोत ते विमानांना कळतं. बॅगा गोदामात. चावी माझ्याकडे.

संकल्प: उद्यापासून पहाटे किनाऱ्याने चालणे. डब्यातलं खारं गोमांस बंद.

२१ मे

गावात कोळ्यांशी गटचर्चा. मोहिमेचा पाया संशोधन असतो, हे ऑकलंडच्या कोर्समध्ये शिकलोय. विचारलं, सुरक्षेबद्दल तुमच्या मनात काय अडथळे आहेत? म्हातारा लोकेनी म्हणाला, "मनात काही नाही रे बाळा, होडीत बॅग नाही. दे, आत्ता नेतो." मी समजावलं की आधी जागृती, मग वाटप. तर म्हणतो, "गोदामाचं दार उघड, मग बघ आम्ही किती जागे आहोत." सगळे फिदीफिदी हसले.

निष्कर्ष लिहिला: जागृतीचा तीव्र अभाव.

चालायला गेलो नाही. वाटेत कुत्री फार.

३० मे

आज फोटो काढले. पोस्टरवर कोण हवं यावर ऑकलंडच्या जाहिरात कंपनीतल्या ब्रेटने चार नट्यांची नावं सुचवली होती. मी म्हटलं, खरा कोळी हवा. माझाच मेहुणा, पेनी. एकटा छोट्या पत्र्याच्या होडीतून ट्यूनाला जातो, अंगाने भरलेला, हसला की सगळे दात दिसतात. नारिंगी बॅग खांद्याला लावून किनाऱ्यावर असा उभा राहिला की ब्रेटचा कॅमेरावाला खूश. माझी बहीण मालिया बघायला आली होती. त्याला म्हणाली, "लग्नात एवढा देखणा दिसला असतास तर मी लाजले तरी असते."

खाली ओळ माझी: बॅग घेतो, घरी येतो. ब्रेट म्हणाला, सोपी आहे. सोपंच तर अवघड असतं.

फोटो झाल्यावर पेनीने विचारलं, "साहेब, ही नेऊ का आता?" (मेहुणा असून साहेब म्हणतो. चेष्टेने, पण मला आवडतं.) मी सांगितलं, उद्घाटनाआधी एक जरी बॅग बाहेर दिसली तर सगळा परिणाम फुकट. शिवाय आपल्यात दान असं मागच्या दाराने देतात का? गावच्या मुखियाचं, थोरल्या मताईंचं भाषण हवं, भेटीच्या चटया हव्यात, प्यायला कावा हवा, पाहुणे हवेत. नाहीतर देणाऱ्याचा अपमान आणि घेणाऱ्याचाही. पेनीला पटलं. बॅग स्वतःच माझ्या गाडीच्या डिकीत ठेवली, पट्टे नीट गुंडाळून. म्हणाला, "बरं. भाषणानंतर."

समजूतदार माणूस.

१७ जून

उद्घाटन पुढे. मदत देणाऱ्या देशाचं चिन्ह बॅगांवर बारीक छापलंय, असं त्यांच्या कचेरीने कळवलं. मोठे स्टिकर ऑकलंडहून बोटीने येणार. मॅडम वैतागल्या. मी शांत. उत्तम मोहीम घाईत होत नसते.

गोमांसाबद्दल: डबा उघडलेला होता, टाकून देणं पाप.

२९ जून, रविवार

चर्चनंतर मालियाकडे जेवण. तारोचे उकडलेले कंद, नारळाच्या दुधातली पानं, मासा पेनीने आणलेला. जेवण झाल्यावर ती माझ्याशेजारी येऊन बसली. "दादा, एक बॅग दे. वारा वाढलाय. हा ऐकत नाही, जातोच."

आमच्यात बहिणीचा शब्द भावाने मोडायचा नसतो. भाऊ म्हणजे बहिणीचा राखणदार, हे आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं. मालियाने तर लग्नानंतर माझ्याकडे काही मागितलेलं आठवत नाही. पण प्रमुखाने स्वतःच्या घरात आधी बॅग पोचवली तर लोक काय म्हणतील? मी शब्द मोडला नाही. पुढे ढकलला. आणि रिकाम्या हाताने आलो नाही, गाडीतून दोन पोस्टरं काढून दिली, त्यातलं एक मोठं, प्लास्टिक चढवलेलं.

तिने एक घराच्या खांबाला लावलं. पेनी त्याच्याकडे बघून म्हणाला, "याच्याकडे बॅग आहे. मलाच नाही." सगळे हसलो. मालिया नाही हसली. ती लहानपणापासूनच जरा गंभीर.

११ जुलै

स्टिकर आले. आता थांबायचं काही कारण नव्हतं, पण मला जबरदस्त कल्पना सुचली: उद्घाटन फादर्स डेला! आमच्याकडे तो ऑगस्टमध्ये, यंदा १० तारखेला. बाप समुद्रावर, लेकरं किनाऱ्यावर, बॅग घेतो, घरी येतो. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. आता ही कल्पना त्या स्वतःची म्हणून सांगतायत. सांगू देत. मोठ्या मनाने वागायचं.

रेडिओची जाहिरातही झाली. आवाज माझाच. दुसऱ्या कोणाचा भारदस्त आवाज सापडेना.

२४ जुलै

गावात चाचणी घेतली. पोस्टर सगळ्यांनी पाहिलंय, ओळ सगळ्यांना पाठ! लहान पोरं पेनीच्या मागे लागतात, "बॅग कुठे? बॅग कुठे?" तो सांगतो, "फेतूमामाच्या डिकीत." मॅडमना अहवाल पाठवला: संदेश घराघरात पोचला.

लोकेनी भेटला. म्हणाला, "संदेश पोचला रे. सामान कधी पोचणार?" या माणसाला मोहीम म्हणजे काय ते कधीच कळणार नाही.

३१ जुलै, दुपार

पेनी काल संध्याकाळी गेलेला, सकाळी यायला हवा होता. सकाळी त्याने होडीतून मालियाला फोन केला: इंजिन बंद पडलंय, वारा बाहेर ढकलतोय, डोंगर दिसेनासा झालाय. मालियाने विचारलं, कुठल्या बाजूला आहेस? तो म्हणाला, "सगळीकडे पाणीच आहे." मग फोन बंद.

काळजीचं कारण नाही. पेनी पट्टीचा दर्यावर्दी आहे.

संध्याकाळ

गावातल्या होड्या शोधून परत आल्या. लाटा उंच. किनाऱ्यावर सगळं गाव उभं. लोकेनीने सगळ्यांसमोर विचारलं, "ते पिवळं यंत्र होतं का त्याच्याकडे?"

मी म्हटलं, उद्घाटन दहा तारखेला आहे.

मालियाने माझ्याकडे पाहिलंही नाही.

२ ऑगस्ट

न्यूझीलंडचं विमान कालपासून घिरट्या घालतंय. त्यांच्या माणसाने नकाशा पसरून विचारलं, अंदाजे कुठे? सगळ्यांनी वेगवेगळी बोटं ठेवली. केवढा समुद्र आहे हा. मी इतकी वर्षं नकाशे छापले, पण त्यात निळा रंग एवढा आहे हे कधी लक्षात आलं नव्हतं.

ब्रेटची मेल आली. त्याला वाईट वाटलं. खाली लिहिलंय, आता मोहिमेमागे खरी कहाणी आहे. मी उत्तर लिहिलं: होय, भावनिक परिणाम नक्कीच वाढेल.

पाठवून झाल्यावर वाचलं. आपल्या मेहुण्याबद्दल हे मी लिहिलं.

५ ऑगस्ट

शोध थांबवला. पेट्रोलचा एक रिकामा कॅन सापडला, बाकी काही नाही.

मॅडमचा फोन: कार्यक्रम पुढे ढकलायचा, की पेनीच्या नावाने करायचा? मी म्हटलं, विचार करून सांगतो. दिवसभर गोदामासमोर गाडीत बसून होतो.

६ ऑगस्ट

सकाळी लोकेनी ट्रक घेऊन आला, बरोबर गावातले सगळे कोळी. मी म्हणालो, वरून परवानगी लागेल. तो म्हणाला, "चावी."

दिली.

रांग लावून बॅगा ट्रकमध्ये भरल्या. भाषण नाही, चटया नाहीत, कावा नाही. कोणाचा अपमान झाला नाही. चहा निवायच्या आत गोदाम रिकामं. मे महिन्यातही तेवढाच वेळ लागला असता.

एक बॅग राहिली. ती गोदामात नव्हतीच, माझ्या डिकीत होती. पट्टे त्याने गुंडाळले होते तसेच.

१० ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये पेनीची प्रार्थना. शव नाही, म्हणून समोर फोटो ठेवायचा. घरात त्याचा एकही धड फोटो नाही, सगळे गर्दीतले, अर्धे. मालियाने खांबावरचं पोस्टर उतरवलं आणि कात्री माझ्या हातात दिली. "दादा, खालची ओळ काप."

मी म्हटलं, ब्रेटकडे अक्षरांशिवायचा मूळ फोटो आहे, मागवतो, दोन दिवसांत येईल. ती म्हणाली, "काप."

कापली. प्लास्टिक जाड, कात्री बोथट, कड वाकडीतिकडी झाली. माझी ओळ जमिनीवर पडली. तिने ती पायाने बाजूला सारली.

मग मी फोटोतल्या बॅगेकडे पाहिलं. विचारलं, ही पण कापू का? म्हणजे, खांदा जाईल थोडा, पण...

मालियाने माझ्या हातातली कात्री काढून घेतली. म्हणाली, "नको. इथे तरी असू दे त्याच्याकडे."