पोट आधी माझं दुखलं

सोमवार, १३ जानेवारी
पोट फुगलंय. पँटचं बटण लागेना, पट्ट्यावर भागवलं. ऑफिसात नितेशने विचारलं, चंद्रप्रकाश, कितवा महिना? सगळे खिदळले. शिसारी आली. आजपासून ठरलं: तळलेलं बंद, रात्री फक्त पेज. शरीर काय सांगतंय ते ऐकायचं.

बुधवार, १५ जानेवारी
पेज जमली नाही. काल संक्रांत. वनमालाने गुळाच्या पोळ्या केल्या. नाही खाल्ल्या तर बायकोला वाईट वाटतं. तिने स्वतः अर्धीच खाल्ली, म्हणे पोट लगेच भरतं. उरलेली अर्धी मीच संपवली. अन्न टाकवत नाही.
आज सकाळी म्हणालो, माझं पोट फुगलंय. तर ही म्हणते, अहो, माझंही. डावीकडे खाली दुखतंय पण. झालं! या घरात माणसाला स्वतःचं असं एक दुखणंही मिळत नाही. सरळ कॉपी.

रविवार, १९ जानेवारी
कॉपी चालूच. माझी कंबर धरली, हिचीही धरली. वयामुळे मला सारखं बाथरूमला जावं लागतं, तर ही आधीच आत. घाटकोपरच्या वन बीएचकेत बाथरूम एकच. दार वाजवलं. आतून म्हणाली, थांबा हो, आत्ताच जाऊन आले तरी परत लागली. किळस आली. नवरा-बायकोतही काही मर्यादा असतात की नाही?
पेज उद्यापासून. आज कोंबडी होती.

गुरुवार, २३ जानेवारी
गंधालीने फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला. आमची मुलगी, अंधेरीला बँकेत आहे, स्वतःला फार शहाणी समजते. पोट फुगणं, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं वाटणं, कंबर दुखणं, सारखी लघवी लागणं. शब्द न् शब्द मी! पोरीचं बापाकडे इतकं लक्ष आहे हे बघून डोळे भरून आले.
मग वरचं हेडिंग वाचलं. ओव्हरीतल्या गाठीची लक्षणं.
शी! त्या ग्रुपवर माझा मेहुणा आहे, दादा आहे. लगेच डिलीट करायला लावलं. रात्री जेवताना गंधाली म्हणाली, बाबा, आईसाठी टाकलं होतं रे, आईची पाळीसुद्धा हल्ली... मी ताट घेऊन बाल्कनीत गेलो. जेवताना असले विषय! बाल्कनीत कबुतरांनी घाण केलेली. कुठे जावं माणसाने?

शनिवार, १ फेब्रुवारी
वनमालाचं हळदीकुंकू. घरभर बायका, अत्तराचा वास, मी किचनमध्ये कोंडलेला. पाव किलो फरसाण होतं, वेळ जायला तेवढंच.
तिची मोठी बहीण पार्वती चेंबूरहून आली होती. जाताना मला म्हणाली, भावजीनू, हिका डॉक्टराक दाखवा, तोंड बघा केवढा उतरलाहा. मी समजावलं की हिचा नुसता गॅस आहे, खरा पेशंट मी. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मासळीवाली शिळ्या बांगड्याकडे बघते.
दोघांसाठी चूर्ण आणलंय. मी जबाबदारी टाळत नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी
चूर्णाने काल दिवसभर माझी वाट लागली. वनमाला म्हणते, तिला काही फरक नाही. मनापासून घेतलं नसणार.
गंधालीने आईसाठी सोनोग्राफीची अपॉइंटमेंट घेतली, उद्याची. मी विचारलं, आजारी आधी कोण पडलं? गंधाली चिडली. वनमाला म्हणाली, जाऊ दे गं, त्यांना जाऊ दे, माझं पुढच्या आठवड्यात बघू. समजूतदार आहे. वाद नको म्हणून मी तयार झालो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
पोटावर गारगार चिकट जेल, आणि त्यावरून शंभर जणांच्या पोटांवर फिरलेलं ते मशीन. घरी येऊन दोनदा आंघोळ केली. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाला, काका, गॅस आहे, खाणं कमी करा.
मशीन जुनं असणार.

रविवार, ९ फेब्रुवारी, दुपारी, हॉस्पिटल
सकाळी वनमाला सुरमई तळत होती. अचानक ओट्याला धरून खाली बसली. ओकली. वासाने मलाही मळमळलं. मी म्हणालो, आधी तो गॅस तरी बंद कर. तिला उठता येईना. पांढरीफटक पडली होती, घामाने भिजली होती. माझा हात तिने इतका घट्ट धरला की नखं रुतली. बत्तीस वर्षांत तिने असं कधी धरलं नव्हतं.
गंधालीने रिक्षा आणली. डॉक्टर मृणालिनी म्हणून तरुण बाई आहेत. त्यांनी विचारलं, कुठल्या बाजूला दुखतं? मी ठामपणे सांगितलं, उजव्या. वनमालाने स्ट्रेचरवरून मान हलवली. गंधाली म्हणाली, डाव्या. महिना झाला, मॅडम.
ओव्हरीत मोठी गाठ आहे. ओव्हरीला पीळ पडलाय. ताबडतोब ऑपरेशन. सही दोनदा चुकली. पेनं भिकार ठेवतात इथे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
ऑपरेशन झालं. वनमाला बरी आहे. डॉक्टरांनी गाठ ट्रेमध्ये ठेवून दाखवली. आत पिवळी चरबी, केसांचा गुंता आणि एक दात. दात! कॅन्सर वाटत नाही म्हणाल्या, तरी तपासायला पाठवणार. अशा गाठीत केस-दातही उगवतात म्हणे, आणि ती वर्षानुवर्षं आत वाढत राहते. मला भोवळ आली. नर्सने खुर्ची दिली आणि म्हणाली, पेशंट तुम्ही नाही ना?

सोमवार, १० फेब्रुवारी
सकाळी डॉक्टर राउंडला आल्या. मला बाहेर नेऊन म्हणाल्या, ओव्हरी काळी पडली होती, काढावीच लागली. पीळ पडायच्या आधी आणलं असतं तर नुसती गाठ काढून भागलं असतं.
आधी म्हणजे किती आधी, ते मी विचारलं नाही.
आत गेलो. वनमालाने विचारलं, काय म्हणाल्या डॉक्टर? मी म्हणालो, सगळं ठीक आहे. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. ओठ सुकलेले, हाताला सलाइन. मग म्हणाली, तुम्ही काल जेवलात का काही?
हो म्हणालो.
जेवलो होतो. पोटभर.