रस्ता पश्चिमेला आहे

मंगळवार, ताडकळस

आज खरेदीखतावर सही केली नाही. दोन गाळे काढून भाड्यानं द्यायचे म्हणून प्लॉट घेतोय, आणि मसुद्यात रस्ता पूर्वेला! घरी दोनदा वाचलं तेव्हा कसं सुटलं नजरेतून? आज प्लॉटवर उभा राहून वाचलं तेव्हा दिसलं. रस्ता पश्चिमेला आहे. उद्या कुणी वाट अडवली तर कागद काय दाखवू?

"नाना, जुन्या खतात तसंच हाय. लय कीस काढू नका," खत लिहिणारा म्हणाला.

त्याला आणि प्लॉट विकणाऱ्या मास्तरांना जागेवरच नेलं. रस्त्याकडं तोंड करून उभं केलं. समोर सूर्य मावळत होता.

मास्तर ओशाळून हसले, "आन् मी पोरायला दिशा शिकवायलो!"

आधी जुन्या खताचं चूकदुरुस्तीपत्र, मग माझी सही. दोघांनी कबूल केलं.

आठवीत शाळा सुटली माझी. चतुःसीमा मात्र जागेवर उभा राहूनच वाचतो.