नऊ गाण्यांची कॅसेट

बाबा,

परवा दिवाळीची साफसफाई करताना आईच्या लोखंडी पेटीत माझी कॅसेट सापडली. तुम्हाला आठवत असेलच, तुमच्याच जिवावर भरलेली होती. वरच्या कागदावर लाल शाईने माझं नाव, आणि खाली दटावणी, 'कोणीही हात लावू नये'. सोळा वर्षांची होते मी, पण तोरा पाहा! ती ज्या लुगड्यात गुंडाळून ठेवली होती, तेही मी लगेच ओळखलं. खरं म्हणजे त्या लुगड्याबद्दलच बोलायचंय, कॅसेट हे निमित्त.

दहावीची परीक्षा झाली होती. काका हिंगण्याच्या कंपनीत नवेच लागले होते. त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला आणि मी हट्ट धरला म्हणून आठ दिवस माझ्याकडे ठेवला. तो रेडिओसमोर ठेवायचा, दोन बटणं एकदम दाबायची, आणि गाणं संपेपर्यंत घरात कोणी खोकायचंही नाही. पण आपलं घर म्हणजे एकच लांब खोली, आणि अर्ध्या खोलीत तुमचा हातमाग. पहिल्या दिवशी भरलेलं गाणं लावून पाहिलं, तर गाणारीपेक्षा तुमची खटक-खटकच जोरात! मी रडून घर डोक्यावर घेतलं. "तुमच्या मागापायी माझं एक गाणं धड होत नाही!" असं तुमच्या तोंडावर बोलले. आई तुमच्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरत होती, ती चरखा सोडून माझ्या अंगावर धावली. तुम्ही धोटा हातात धरून नुसतं म्हणालात, "रडू नको वं. तू हात वर कर, मी थांबतो."

मग रोज दुपारी फर्माइशीचा कार्यक्रम लागला की मी रेडिओजवळ बसते. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत पत्रा तापलेला, तुमच्या पाठीवरून घाम ओघळतोय. आवडीचं गाणं लागतं, मी हात वर करते आणि तुमचा माग जागच्या जागी गप्प. एरवी कांडी संपली की धागा नीट बसवून मगच तुम्ही माग सोडायचात. माझ्यासाठी मात्र अर्ध्या ठोक्यात थांबायचात. असं थांबून परत सुरू केलं, की धागा दाबून बसवणाऱ्या फणीचा ठोका कमीजास्त बसतो आणि कापडात आडवी रेघ उमटते. ती रेघ मग कशानेच जात नाही. विणकराच्या घरातल्या पोरीला हे कळायला नको का? पण मला त्या आठ दिवसांत गाण्यांशिवाय काही सुचत नव्हतं. नऊ गाणी भरली. मागावर तेव्हा एकच लुगडं होतं.

काका मशीन घेऊन गेले, आणि दोनच दिवसांनी तुम्ही लुगडं घेऊन लकडगंजला, आपला माल घेणाऱ्या शेठजींकडे निघालात. मला सायकलवर मागे बसवलंत. येताना उसाचा रस पाजणार होतात. शेठजींनी घडी मोडली, कापड उजेडात धरलं, बोटाने एकेक रेघ दाखवली. "ये क्या है भाऊ? हाथ काँपने लगा क्या?" दुकानातली माणसं हसली. तुमच्या हाताचं कापड पाहायला कधीकाळी याच दुकानात लोक उठून यायचे. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "वय झालं, शेठजी," म्हणालात. बेचाळीस वर्षांचे होतात तुम्ही! मी बाजूलाच उभी होते, चपलेचा अंगठा बघत. लुगडं परत आलं. येताना तुम्ही न विसरता रस पाजलात, आणि मी तो घटाघटा प्यायले, लाज नाही वाटली. आईने ते लुगडं मग वर्षानुवर्षं नेसलं. काल मी ते दारात धरून रेघा मोजल्या. बरोबर नऊ आहेत.

माझ्या लेकीने कुठूनसा जुना टेप पैदा केला आणि कॅसेट लावली. गाणी अजून वाजतात, थोडी घरघरत. प्रत्येक गाणं संपताना, बटण बंद व्हायच्या आधी, तुमचा एखादा ठोका येतो. नवव्या गाण्यानंतर मात्र मी बटण दाबायला विसरले होते. दूध उतू गेलं म्हणून धावले होते बहुतेक. त्यामुळे पुढे तुमचा माग चालू लागलेला ऐकू येतो आणि मग आई म्हणते, "अजी, रेघा पडून राहिल्या ना लुगड्यात! शेठ घेईन का हे?" त्यावर तुम्ही, "पडू दे वं. पोरीचं गाणं होऊ दे पह्यले." मग पुन्हा खटक-खटक. मग फीत संपते.

तुमचा आवाज आमच्याकडे आणखी कुठेच नाही, बाबा. फोटो दोन आहेत, आवाज एवढाच. लेक रडायला लागली. म्हणाली, "आई, तू किती जपून ठेवलंस हे! आणि आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ऐकतेयस?" मी मान हलवली, डोळे पुसले.

पण तुमच्याशी कशाला खोटं बोलू? मी हे पहिल्यांदा ऐकत नव्हते. नववं गाणं भरलं त्याच संध्याकाळी ऐकलं होतं. शेठजींच्या दुकानात उभी होते, तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. आणि जपूनही ठेवलं नव्हतं. माझ्या कॅसेटचा शेवट खराब झाला म्हणून चिडून मी तुमचं बोलणं पुसायला बसले होते. बटणावर बोट होतं, तेवढ्यात काका मशीन न्यायला आले.