खांबावरचा नऊ नंबर

अकोटा, बडोदे
१६ सप्टेंबर १९९८

प्रिय जगदेवदादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, घरात सगळे ठणठणीत आहेत. फोनच केला असता, पण फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि रिसीव्हर वहिनीच्या हातात देतोस. मग आम्ही दोघी लोणच्याबद्दल बोलत बसतो. म्हणून हे पत्र. आणि हे बघ, मधेच तुझ्या मेहुण्यांचं नाव आलं म्हणून घडी घालून ठेवून देऊ नकोस. ते पुष्कळदा येणार आहे.

तर बातमी अशी, की गेल्या मंगळवारी आपल्या मंडळाने यांची नऊ नंबरची जर्सी बास्केटबॉलच्या मैदानावरच्या दिव्याच्या खांबावर चढवली. कल्पना मोहनरावांची. सेक्रेटरी झाल्यापासून त्यांना कल्पना फार सुचतात. केबलवर त्यांनी पाहिलं, की अमेरिकेत मोठा खेळाडू थांबला की त्याची जर्सी हॉलच्या छताला टांगतात, तो नंबर पुन्हा कोणाला देत नाहीत, आणि तो खेळाडू रडतो. आपल्याकडे छत नाही, म्हणून खांब. रडायचं काम मोहनरावांनी स्वतःच केलं. खरं कारण वेगळंच होतं. दसऱ्याला सुरतची टीम येतेय, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे पहिल्या पाचात उभं राहायचा हट्ट धरून बसलेत. त्यांना "आता पुरे" म्हणायची कोणाची छाती नव्हती, म्हणून हार घालून सांगितलं.

पण यांना ते कळलंच नाही, किंवा मला तेव्हा तसं वाटलं. हार घालून घेतला, पेढा खाल्ला, भाषण केलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोरी सोडून जर्सी खाली उतरवली, अंगात घातली आणि खेळायला उभे राहिले. खेळ संपल्यावर पुन्हा वर चढवली. घामाने ओली. मोहनराव म्हणाले, "अहो विक्रमसिंह, ती निवृत्त झाली आहे!" हे म्हणाले, "जर्सी झाली असेल. मला कोणी विचारलं नाही." आणखी वर, "आणि मुहूर्त कसला काढलात? पितृपक्षात माझी जर्सी टांगता, कावळा शिवायची वाट बघताय का?" दादा, तेवढ्यात एक कावळा खरंच खांबावर येऊन बसला. मोहनराव दोन दिवस मैदानावर फिरकले नाहीत.

शेजारच्या कोकिलाबेनना तर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी गुरुवारी सकाळी वॉचमनला वर चढवून जर्सी काढवली आणि घडी घालून माझ्याकडे आणली. "संयोगिताबेन, विक्रमभाईनुं गंजी उडीने थांभले चडी गयुं!" त्यांना वाटलं, वाळत घातलेलं बनियन उडून खांबावर अडकलं. मी त्यांना चहा पाजला आणि ती गंजी धुवायला टाकली. बरंच झालं. दोन्ही बगलांना पट्ट्या लावून मी ती तीनदा मोठी केली आहे, आता यापुढे नवं कापड जास्त आणि जर्सी कमी होईल.

तेव्हापासून घरात, मैदानावर आणि सेव-उसळीच्या गाडीवर एकच वाद चालू आहे: म्हातारा होत चाललेला खेळाडू मोजायचा कशाने? मोहनराव म्हणतात, कपाने. जिंकलेले कप बघा, बाकी सोडा. कप्तान हेरंब चोवीस वर्षांचा आहे, त्याचं म्हणणं, आज किती पळतो ते बघा. मैदानावर तो पाससाठी यांच्यावर गुजरातीत ओरडतो, "काका, पास आपो ने!" आणि मैदानाबाहेर आला की मराठीत पाया पडतो. आमची आकांक्षा कॉलेजात संख्याशास्त्र शिकतेय, तिने तर हिशेबच मांडला. एकूण पॉइंट भागिले एकूण सामने. त्यातून निघालं असं, की बाबा दर वर्षी स्वतःचीच सरासरी खात चालले आहेत. "पस्तिसाव्या वर्षी थांबले असते ना आई, तर बडोद्यात त्यांच्या तोडीचा कोणी नसता." हे जेवत होते. म्हणाले, "म्हणजे मी जगलो तिथेच चुकलं." आणि आणखी एक पोळी घेतली. गाडीवर तर यांनी हेरंबला सुनावलं, "सयाजीबागेतला सिंह म्हातारा झाला म्हणून कोणी त्याला पिंजऱ्याबाहेर काढतं का?" हेरंब म्हणाला, "नाही काका, पण त्याला कोणी पासही देत नाही." सगळे हसले, हेही हसले.

मी गॅलरीतून बघते. माझी मोजायची रीत निराळी आहे, ती मी कोणाला सांगत नाही. दादा, हे अजूनही रिंगकडे पळताना डावा हात मागे सोडतात, कोपरात जरा वाकवून, तळवा उघडा. मागे वळून बघत नाहीत. तिथे बॉल येत नाही. हेरंब बिचारा समोरून, उजव्या हाताला, पुस्तकात लिहिलंय तसा पास देतो. त्याला वाटतं काकांचा खांदा धरलाय. मोहनरावांनी मलमाची बाटली पाठवली. मी ती लावतेही. खांद्याला काहीच झालेलं नाही हे सांगून काय उपयोग? त्या हाताला कोणाच्या बॉलची सवय आहे हे तुला मी लिहायला नको.

गोरव्याच्या कंपनीतले ते दिवस मला नीट आठवतात. कागदावर तुम्ही दोघे कारकून, जेवणाच्या सुट्टीनंतर थेट मैदानावर. पेपरात फोटो यायचा तो नऊ नंबरचा, हवेत. सहा नंबर फोटोच्या कडेला, अर्धा कापलेला. तुला मी कधी तक्रार करताना ऐकलं नाही. ते एकच वाक्य सोडून, आणि ते तू आमच्या दारात बोललास. हे कप्तान होते, तू चौतिशीत होतास, गुडघा कुरकुरायला लागला होता, आणि निवड समितीत यांनीच म्हटलं, "टीम म्हणजे पेन्शनरांचा कट्टा नव्हे." तुझं नाव यादीतून गेलं. संध्याकाळी मी कोणाशी बोलायचं तेच मला कळेना. भावाशी बोलावं तर नवरा बघतोय, नवऱ्याशी बोलावं तर भाऊ निघालाय. तू अंकलेश्वरला बदली मागून घेतलीस. अंकलेश्वर काही अमेरिका नाही दादा, पण तू ते तेवढं लांब करून टाकलंस.

काल मंडळाची बैठक आमच्याच घरी झाली. मोहनरावांनी हात जोडले. म्हणाले, "विक्रमसिंह, एक तर जर्सी वर ठेवा नाही तर अंगात ठेवा, लोक हसतात." मी चहा घेऊन गेले होते, दारातच थांबले. हे म्हणाले, "मोहनराव, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं तुम्ही काय करताय. पण एकट्याची टांगू नका. हवेतला माणूस सगळ्यांना दिसतो, बॉल त्याच्या हातात कुठून आला ते दिसत नाही. शेजारी सहा नंबर लावा, मी त्याच दिवशी बूट काढून तुमच्या कपाटात ठेवतो. तोवर रोज उतरवणार." आकांक्षा म्हणाली, "बाबा, पासची तर मी नोंदच धरली नव्हती." हे म्हणाले, "मीही नव्हती धरली." आणि चहा न पिताच आत गेले.

आता पत्राचं कारण. त्या संध्याकाळी दारात चपला घालताना तू मला म्हणाला होतास, "संयू, तुझ्या नवऱ्याची पाळी आली की मला एक कार्ड टाक. हसायला येईन." मी ते विसरले नाही. कार्डात मावलं नाही म्हणून पाकीट टाकतेय. पाळी आली आहे, दादा. हे स्वतः तुला बोलावणार नाहीत, ते तुलाही ठाऊक आहे. सुरतचा सामना संध्याकाळी पाचला आहे. तू हसायलाच ये, पोटभर हास, मी मधे पडणार नाही. फक्त येताना तुझी सहा नंबरची जर्सी घेऊन ये. वहिनी म्हणते तू ती ट्रंकेत तळाशी ठेवली आहेस आणि दर दिवाळीला तिच्या डांबरगोळ्या बदलतोस. आणि खांबावर चढवायच्या आधी एकदा, दोन मिनिटं का होईना, ती अंगात घालून मैदानात उतर. पळू नकोस. त्या मागे सोडलेल्या हातात एक बॉल दे. तुझ्याही बगलेच्या पट्ट्यांसाठी निळं कापड मी आणून ठेवलं आहे.

तुझीच,
संयू