लाल मेन, हिरवी लूप

७ फेब्रु. १९३८, सोम.
सकाळच्या गाडीने खामगाव. वकीलसाहेबांच्या (पुढे व. सा.) कुसुमचा अभ्यास घेतला. निघताना त्यांनी माडीवर बोलावलं. मुंबईहून किल्लीची आगगाडी आली आहे. इंजिन, चार डबे, बारा वाकडे रूळ, दहा सरळ, दोन सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे). मोठ्या फळीवर कायमची बसवायची. सुताराला देण्यासाठी नकाशा हवा. "शांताबाई, तुम्ही सांधेवाल्याची मुलगी, शिवाय ड्रॉइंगची परीक्षा पास. दुसरं कोण काढणार?" हो म्हणून आले. रुळांशेजारी राहिले एवढंच, मोजले कधी नाहीत. हे तिथेच सांगायला हवं होतं.

९ फेब्रु., बुध.
एक इंच म्हणजे एक फूट धरलं. सहा वाकड्या रुळांचं अर्धं वर्तुळ. दोन्ही टोकांना एकेक, मधे सरळ. सरळ भागात मेन लाइन, तिच्याशेजारी लूप. एक गाडी लूपवर थांबेल, दुसरी मेनवरून पुढे जाईल. दुसरं इंजिन दिवाळीला येणार म्हणे. चार वेळा खोडलं. कागदाला लव आली.
मेहकरच्या मुलींच्या शाळेचं पत्र. जागा आहे, महिनाअखेर कळवा. बाबा म्हणाले, "मेहकरले काऊन? तिथं गाडीबी नाई." माय म्हणाली, "म्हनूनच बरं. रातच्याले झोप तं लागन."

११ फेब्रु., शुक्र.
बाबा ड्यूटीवरून आल्यावर नकाशा दाखवला. आधी उलटा धरला. मग, "हे असं वरून कोन पाह्यते? घार?" मग खाली ठेवून बोट टेकवलं आणि गाडीसारखं हळूहळू नेलं. दुसऱ्या सांध्यावर थांबले.
"उलटा हाय हा. लूपमंदून गाडी निंघनारच नाई. मांगं ढकला लागन."
बरोबर. माझे तीन दिवस, त्यांचा एक फेरा. त्यांना अक्षर येत नाही.
"आन् सांधेवाला कुठी उभा राह्यते?"
म्हटलं, खेळणं आहे, सांधा हाताने बदलायचा.
"मंग गाडीले सांगते कोन?"
एक खोपटं काढलं. कुठे, ते त्यांनीच दाखवलं. दोन्ही सांधे दिसतील तिथे.

१३ फेब्रु., रवि.
नव्या कागदावर पक्का नकाशा. मेन लाल पेन्सिलीने, लूप हिरवीने. बाबांना म्हटलं, लाल धरून या. बोट हिरवीवरून निघालं.
"बाबा, लाल."
"लालच तं हाय!"
थट्टा वाटली. हसले. ते हसले नाहीत. "तुह्या पेन्शिलीच फिक्या हायेत."
पेन्सिली परवाच खामगावहून आणलेल्या.

१४ फेब्रु., सोम.
कुसुमला भागाकार शिकवताना दोनदा चुकले.
बाबांच्या लाल निशाणाच्या दांडीला मुठीशी सुतळी गुंडाळलेली आहे. दसऱ्यापासून. दांडी चिरली असेल असं मी धरून चालले होते. आज पाहिली. चिरलेली नाही. हिरव्याच्या दांडीला काही नाही.
रातपाळीही त्यांनी गेल्या वर्षी बदलून घेतली. रात्री निशाणांऐवजी लाल-हिरवे कंदील असतात. मायच्या दम्याचं कारण दिलं होतं. दमा पावसाळ्यातच गेला.

१५ फेब्रु., मंगळ.
माय पाण्याला गेली तेव्हा दोन्ही पेन्सिली पुढे ठेवल्या. लाल द्या म्हटलं. त्यांनी दोन्हींवरून अंगठा फिरवला. मग हिरवी दिली.
"परीक्षा घेऊन राह्यली काव माही?"
हो म्हटलं.
"नोकरीले लागलो तवा रंगीत लोकरीच्या लडी निवडाले लावल्या होत्या. एक चुकली नाई. आता दोनी मातीवानी दिसते."
सांगायला हवं, म्हटलं.
"नोकरीची दोन वर्सं तं राह्यली. सुतळी हाय तंवर मी चुकत नाई."
आणि सुतळी नसली तर? हे विचारलं नाही.
उठताना म्हणाले, "तुले लिवता येते, म्हनून तुह्यं भेव वाटते आता."
फी भरायला त्यांनीच नेलं होतं मला. लोक म्हणत होते, सांधेवाल्याच्या पोरीले काय कराचं शिकून.

१८ फेब्रु., शुक्र.
नकाशात लूपची रेघ तुटक केली. आता बाबांना रंगाशिवाय कळतं. बरोबर बोट नेलं. शेवटी नुसतं "हं."
व. सा. खूश. "रंग आहेत, मग तुटक रेघा कशाला?" म्हटलं, स्पष्ट दिसावं म्हणून. खोटं नाही. खरंही नाही.
खोपट्यावर बोट ठेवून, "यात कोण राहतो?" सांधेवाला, म्हटलं. फार हसले. नकाशाखाली तुमचं नाव घाला म्हणाले. दुसरा सांधा वडिलांनी सुधारला, हे मात्र सांगून टाकलं. "मग दोघांची घाला!" शाईने नाव घालण्यासाठी परत आणला आहे. जागा अजून कोरी.

१९ फेब्रु., शनि.
स्टेशनमास्तरांना चिठ्ठी लिहिली. तीन ओळी. तिसरी ओळ, बाबांना दुसरं काम द्यावं. असं काम असतं का, माहीत नाही.
मेहकरलाही लिहिलं. आईवडील सोबत राहतील अशी खोली मिळेल का. बाबांना विचारलेलं नाही.
दोन्ही पेटीत, साडीखाली.

२० फेब्रु., रवि.
मायने निशाणं धुतली. दांड्याही घासल्या. वाळल्यावर कापड पुन्हा चढवलं. सुतळी ओट्यावर पडलेली.
"माय, ही काऊन सोडली?"
"मळली होती व. कायले पाह्यजे ते चिंधूक?"
तिला माहीत नाही.
बाबा जेवून उठले. बाराची मालगाडी घ्यायची होती. निशाणं उचलली, मुठीशी अंगठा फिरवला, थांबले. दुसऱ्या दांडीवर फिरवला. उन्हात गेले, दोन्ही डोळ्यांशी धरली. मायकडे पाहिलं नाही. दोन्ही माझ्यापुढे केली.
"बांध."
माय म्हणाली, "पोरीले काऊन सांगता? आना इकडं."
"तिलेच बांधू दे."
लालच्या दांडीला बांधली. तीन वेढे, गाठ. पुन्हा पाहिलं. लालच. त्यांनी चाचपलं आणि निघाले.
दारातून पाहत होते. मालगाडी आली तेव्हा त्यांच्या खोपट्यातून हात बाहेर आला. हिरवं. गाडी बरोबर रुळावरून गेली. डबे मोजले. चौतीस.
गाठ माझी आहे.
चिठ्ठी पेटीतून काढली. आमच्या दारापासून मास्तरांच्या खोलीपर्यंत एकशे बारा पावलं. आज दोनदा मोजली, जाताना आणि रिकाम्या हाताने येताना.