म्हातारी खोकते ते प्रकरण

९ जुलै

ती. आईंना,
सा. नमस्कार.

मी बरी आहे. खोली लहान आहे, पण ऊन भरपूर येतं. चष्म्याच्या दुकानातली नोकरी चालू आहे, संध्याकाळचं कॉलेजही. तुमचे गुडघे कसे आहेत?

सध्या आम्हाला अभ्यासाला एक कादंबरी आहे. त्यातल्या शहरात अंधार पडला की बायकांना घरात कोंडतात, आणि कुणी मोठ्याने बोलायचं नाही. कथानक, पात्रं, प्रतीकं, सगळं सुटं करून बघायचं. तुम्ही इथे असता तर म्हणाला असता, "अगं, ही गोष्ट आहे की घड्याळ, उघडून बघायला?"

त्यात पहारेकऱ्याची म्हातारी आई आहे. त्याने कोंडलेली एक मुलगी पळते तेव्हा ती जोरजोरात खोकते. आमच्या बाई म्हणाल्या, "हा खोकला म्हणजे गप्प शहराचा दबलेला आवाज. प्रतीक."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही हो बाई, कडीचा आवाज लेकाला ऐकू जाऊ नये म्हणून सासूबाई खोकल्या!"

वर्ग खो खो हसला. "सासूबाई कुठून आल्या यात?" मागून कुणीतरी म्हणालं. बाई हसल्या नाहीत. "सांगा ना, कुठून आल्या?"

मला मी निघाले तो दिवस आठवत होता. ह्यांनी पुढच्या दाराला कुलूप घातलं, "बघतो कशी जातेस कॉलेजला" म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत बसून राहिले. तुम्ही स्वयंपाकघरात रिकामा मिक्सर लावलात, मागच्या दाराची कडी काढलीत, माझ्या हातात पिशवी दिलीत. मी रडायला लागले, तर कानाशी येऊन म्हणालात, "रडायचं ते तिकडे जाऊन रड. मिक्सर जळेल माझा."

आई, आज माझं म्हणून जे काही आहे, ते त्या घरघरीतून आलंय. त्याचे आभार कसे मानतात, मला कळत नाही.

परीक्षेत त्या म्हातारीवर लिहायचंय. पण त्या प्रकरणानंतर ती कादंबरीत येतच नाही. मुलगी सुटली, एवढंच कळतं. लेक तिला काय बोलला, जेवायला तरी कुणी हाक मारली का, काही नाही. बाई म्हणतात, ते मुद्दाम मोकळं सोडलंय. मला सोडवत नाही.

हे पत्र तिकडे येणाऱ्या माझ्या शेजारच्या शिवणवाल्या मावशींच्या हाती पाठवतेय, उत्तरही त्यांच्याकडेच द्या. मी गेल्यावर काय झालं ते लिहा. माझा अभ्यास बिघडेल म्हणून झाकू नका. आणि तिथे जड जात असेल, तर मावशींबरोबर सरळ निघून या. दुसरी खाट घेतली आहे मी.

घर सोडलं, तुम्हाला नाही.

तुमची सून