लोहगडवाडीच्या विहिरीवरची बोराटी

मी रखमाजी दत्तोबा साबळे, वय साठीच्या आसपास, राहणार लोहगडवाडी, तालुका मावळ, जिल्हा पुणे. छाती खंगली आहे, डोके शाबूत आहे. कोणाच्या भिडेखातर किंवा धाकाने नव्हे, माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो.

१. राहते घर, ओढ्याकाठचे भातखाचर आणि बैलजोडी ही माझी स्वकष्टाची मिळकत मुलगा बजरंग यास मिळावी. अट खाली लिहितो. ती मोडल्यास सर्व मुलगी नंदाबाई हिचे.

२. अटीचे कारण असे. आमच्या वाडीत विहीर बिघडली की तिच्या तोंडावर बोराटी, म्हणजे बोरीची काटेरी फांदी, टाकतात. काटा दिसला की लहान पोरही घागर रिकामी माघारी नेते. मागल्या पटकीच्या साथीत मी बोराटी टाकली होती. तालुक्याहून साहेब आले, कागद डकवलेली फळी ठोकली, आणि काट्याने मजकूर झाकला जातो म्हणून बोराटी काढवली. मजकूर होता, 'सदरहू कूपातील जल प्राशनार्थ निषिद्ध करण्यात आले असून'. मी लोणावळ्याला तांदूळ घेऊन गेलो होतो. माझी बायको धोंडाबाई शेजारणीला म्हणाली, "काटा काढलाय, वर सरकारनं फळी लावलीया. पानी चांगलं झालं असंल." मी परतलो तेव्हा तिला मसणात नेऊन झाले होते. माझा संसार तिथेच आटोपला.

३. त्या साहेबांना माझ्या मिळकतीतून काही नाही. माझा तळतळाट तेवढा घ्यावा.

४. बजरंगला शिकवला तो याचसाठी. तो कचेरीत कारकून झाला. आता पटकी सोमाटण्यापर्यंत आली आहे आणि विहिरीवर नवी फळी लागली. मजकूर तोच, अक्षर माझ्या मुलाचे. बोराटी पुन्हा काढली. मी पोटच्या पोराच्या पाया पडलो. तो म्हणाला, "आबा, सोपं लिवलं तर सायब मला घरी बसवंल."

बजरंग, तुझी आई तुझ्या कचेरीच्या भाषेने मेली. तुझ्या बायकोला, अंबूबाईला, मी दारात आडवा पडून अडवले. वाडीतल्या बाकीच्या सुनांना कोण अडवणार? मला उठवत नाही. अंथरुणातून ओरडतो, तर पाटील म्हणतात, सरकारी कागदाचा अर्थ सांगणारा तू कोण? आता कोणाचे पाय धरू ते मला कळत नाही.

५. अट. बजरंगने फळीवर एवढेच लिहावे: 'ह्या हिरीचं पानी पिऊ नगा. पटकी व्हईल.' आणि बोराटी जागेवर ठेवावी. नोकरी गेली तर खाचर आहे, उपाशी मरणार नाही.

६. साक्षीला केशव मास्तर आणि वाडीचा राखणदार नथू यांना बोलावले. दोन्ही वेळा हुकमाने बोराटी काढली ती नथूनेच. मास्तरांनी त्याला वरील सर्व वाचून दाखवले. तो म्हणाला, "त्या फळीवर ह्ये लिवलंय व्हय? मला कुनी सांगितलंच न्हाई." आणि कोयता घेऊन विहिरीकडच्या बोरीकडे गेला.

मास्तर म्हणतात, दुसरी साक्ष नसेल तर हे मृत्युपत्र कायद्यात टिकणार नाही. न टिको. नथूला माघारी बोलावू नका.

लोहगडवाडी, ता. १२ जुलै १९३४
रखमाजी दत्तोबा साबळे, दस्तुर खुद्द

साक्षीदार:
१. केशव दीनानाथ गोडबोले, शिक्षक. सही.
२. नथू भिमाजी, राखणदार. निशाणी अंगठा: जागा मोकळी.